वाचनालयाच्या बाकावर मोबाइलचा धडा

२०१७ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानाला मंजुरी दिली. सहा कोटी ग्रामीण कुटुंबं, प्रत्येक घरातला एक माणूस आणि वीस तासांचं शिक्षण, असा तो बेत होता. ३१ मार्च २०२४ रोजी अभियान संपलं, तोवर ६ कोटी ३९ लाख लोकांचं प्रशिक्षण झालं होतं. मात्र नाव नोंदवायला वयाची अट होती : १४ ते ६०. देशातल्या सगळ्यात मोठ्या डिजिटल साक्षरता मोहिमेने साठी ओलांडलेल्या माणसाला मोजलंच नाही.

आणि नेमक्या त्याच वर्षांत या माणसाची एकेक कामं मोबाइलवर गेली. ऑगस्ट २०२१ पासून पिकाची नोंद ई-पीक पाहणीच्या ॲपवर करायची झाली. किसान सन्मान निधीसाठी ई-केवायसी आली, श्रावणबाळ योजनेच्या पेन्शनचे पैसे आधार जोडलेल्या खात्यात येऊ लागले. आमचा वाशिम हा कोरडवाहू सोयाबीन-तुरीचा जिल्हा. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला, २०१८ मध्ये देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. इथे घरोघरी एक चित्र दिसतं : सातबारा बापाच्या नावावर, मोबाइल पोराच्या हातात आणि पोरगा पुण्यात. मागे राहिलेल्या बापाने विचारायचं कुणाला?

माझं उत्तर आहे, गावातल्या वाचनालयाला. रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा, वाशिम, कोणत्याही तालुक्यात हे उत्तर मांडा, ठरलेली वाक्यं ऐकू येतात. बोलणारी माणसं वाईट नसतात, बहुतेकांना काळजीच असते. पण त्या वाक्यांमुळे काम अडतं, म्हणून ती एकेक करून तपासायला हवीत.

गैरसमज : वाचनालयाचं काम पुस्तकं देणं. मोबाइल शिकवणं हे त्याचं कामच नव्हे.

वाचनालय पुस्तकांपुरतं कधीच नव्हतं. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. त्यांनी १९१० साली विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावलं आणि संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं विणलं. लाकडी पेट्यांतून पुस्तकं गावोगाव फिरू लागली. पण ज्यांना वाचताच येत नाही त्यांचं काय, हा प्रश्न लगेच आला. त्यावर बडोद्याच्या ग्रंथालय खात्याने दृश्य शिक्षणाची वेगळी शाखाच काढली. मॅजिक लँटर्नची चित्रं, स्टिरिओस्कोप आणि चक्क सिनेमाचं यंत्र घेऊन खात्याची माणसं खेड्यांत जात. शंभर वर्षांपूर्वीचं सगळ्यात नवं माध्यम लोकांपर्यंत नेणं हे ग्रंथालयाचं काम आहे, असं त्या काळी एका मराठी राजाला वाटलं. आज मोबाइलबद्दल तेच वाटायला आपल्याला जड का जावं?

केरळातही ग्रंथालयांचा विस्तार आणि साक्षरतेचा प्रसार हातात हात घालून झाला. पी. एन. पणिक्कर यांच्या ग्रंथशाळा संघाला १९७५ मध्ये युनेस्कोचा क्रुप्स्काया पुरस्कार मिळाला तो साक्षरतेच्या कामाबद्दल. युनेस्को आणि ग्रंथालयांच्या जागतिक महासंघाने मिळून सार्वजनिक ग्रंथालयाचा एक जाहीरनामा केलेला आहे. २०२२ च्या त्याच्या सुधारित आवृत्तीत सर्व वयाच्या लोकांना माध्यम साक्षरता आणि डिजिटल कौशल्यं मिळवून देणं हे ग्रंथालयाचं काम म्हणून स्पष्ट लिहिलं आहे.

आपल्याकडची व्यवस्था तर या कामाला फारच सोयीची आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा. त्याखाली आपल्या गावांतली वाचनालयं स्थानिक संस्था चालवतात, शासन अ, ब, क, ड असे वर्ग ठरवून अनुदान देतं. म्हणजे चालवणारी माणसं गावचीच. काय कार्यक्रम घ्यायचा, हे कार्यकारी मंडळ एका बैठकीत ठरवू शकतं. व्याख्यानमाला भरवायला जशी मुंबईची परवानगी लागत नाही, तशी मोबाइलच्या वर्गालाही लागत नाही.

गैरसमज : साठी उलटली की नवं काही डोक्यात शिरत नाही.

‘आता काय जमते बाप्पा आमाले’ हे वाक्य वऱ्हाडात इतक्या सहज येतं की ऐकणारा लगेच मान डोलावतो. पण ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. योगेंद्र बांगर या शिक्षकांनी ती उभी केली. गुलाबी नऊवारी नेसून, खांद्याला दप्तर अडकवून साठ ते नव्वद वयाच्या आजी पाटीवर अक्षरं गिरवू लागल्या, सही करू लागल्या. त्यांच्यापैकी कित्येकींनी त्याआधी कधी पेन्सिल धरली नव्हती. केरळमधली पुल्लमपारा ही ग्रामपंचायत सप्टेंबर २०२२ मध्ये संपूर्ण डिजिटल साक्षर म्हणून जाहीर झाली. पुढे तीच मोहीम राज्यभर गेली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये केरळने संपूर्ण राज्य डिजिटल साक्षर झाल्याचं जाहीर केलं. त्या मोहिमेत शिकलेल्यांत नव्वदी पार केलेली माणसंही होती.

वय वाढलं की एका दमात सांगितलेल्या सहा पायऱ्या लक्षात ठेवणं अवघड जातं, हे खरं आहे. पण शब्दांचं ज्ञान, माणसाची पारख, व्यवहाराची जाण शाबूत असते, उलट ती अधिक असते. म्हणून शिकवण्याची रीत बदलावी लागते. एका बैठकीला एकच गोष्ट. ती शिकणाऱ्याने स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या बोटाने करायची. मग वहीत मोठ्या अक्षरांत लिहून घ्यायची. पुढच्या वेळी पुन्हा तीच.

आणि बऱ्याचदा अडचण डोक्यात नसून बोटात असते. मोबाइलच्या पडद्याला बोटाचा स्पर्श कळतो तो त्वचेतून वाहणाऱ्या सूक्ष्म विजेमुळे. उभा जन्म विळा-खुरपं धरलेल्या हाताची कातडी कोरडी आणि जाड असते. पडदा तिला नीट ओळखत नाही. म्हातारा माणूस मग जोर लावून बोट दाबून धरतो. फोन समजतो की याला चिन्ह हलवायचं आहे. चिन्ह भलतीकडे जातं आणि माणूस म्हणतो, मला जमत नाही. फोनच्या सुलभता सेटिंगमध्ये दाबून धरण्याची वेळ वाढवता येते. अक्षरं मोठी करता येतात, पडद्याचा उजेड आणि रंगांतला फरक वाढवता येतो. मोतीबिंदूच्या डोळ्याला त्याने फार फरक पडतो. वर्गाचा पहिला तास या चार सेटिंगसाठीच ठेवावा, असं माझं ठाम मत आहे. ते न करता थेट ॲप उघडायला लावणं म्हणजे चष्मा नसलेल्याला पेपर वाचायला देणं.

बोटांचे ठसे झिजल्यामुळे बँकेच्या यंत्रावर अंगठा उमटत नाही, ही तक्रार शेतमजुरांत जुनी आहे. पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्यासाठी २०१४ मध्ये जीवन प्रमाण ही सोय आली तेव्हा तीही अंगठ्यावर किंवा डोळ्यांवर चालायची. नोव्हेंबर २०२१ पासून चेहरा दाखवूनही दाखला देता येतो. फोनच्या कॅमेऱ्यासमोर बसायचं, पापणी मिटायची. पण ही सोय आहे हे ज्यांच्यासाठी ती केली त्यांच्यातल्याच अनेकांना कुणी सांगितलेलं नसतं.

गैरसमज : घरात नातू आहे ना, तो करून देतो.

करून देतो, हे खरं. शिकवत नाही. ‘द्या इकडं’ म्हणून फोन हातातून घेतो, पाच-सात वेळा पडद्यावर बोट फिरवतो आणि ‘झालं’ म्हणून परत देतो. प्रेमानेच करतो. पण काम झालं तरी आजोबा होते तिथेच राहतात, आणि पुढच्या वेळी विचारताना त्यांना आणखी संकोच वाटतो. शिवाय नातवाला पिन माहीत असतो, सुनेला माहीत असतो, कधी शेजारच्या पोरालाही. खात्यातले पैसे कुणाचे आणि किल्ली कुणाकुणाकडे, हा हिशेब उरत नाही. ज्या म्हाताऱ्या बाईचं श्रावणबाळचं मानधन हेच एकमेव स्वतःचं उत्पन्न आहे, तिच्यासाठी ही गोष्ट लहान नाही.

सेवा केंद्रावरही हेच होतं. तिथे शुल्क घेऊन काम करून देतात, तो त्यांचा व्यवसायच आहे आणि तो हवाच. वाचनालयाचं वेगळेपण असं की तिथे कुणाला काही विकायचं नसतं आणि रांगही नसते. एकच प्रश्न चार वेळा विचारला तरी चालतो. शेजारच्या खुर्चीवर आपल्याच वयाचे गुरुजी त्याच जागी अडखळताना दिसतात, आणि तेवढ्याने निम्मा संकोच जातो.

गैरसमज : साधा बटणाचा फोन ठेवला की फसवणुकीची भीती नाही.

ओटीपी साध्या फोनवरही येतो आणि तो विचारणारा फोनही साध्या फोनवरच वाजतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आधारवरून पैसे काढायच्या पद्धतीत खातेदाराच्या हातात फोन असावाच लागत नाही. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि अंगठा एवढ्यावर पैसे निघतात. ही सोय गावात बँक नसलेल्यांसाठी वरदान आहे, पण कागदपत्रांवरून ठसे चोरून खाती रिकामी केल्याचे प्रकार देशात घडले आहेत. त्यावर उपाय आहे. आधारची बायोमेट्रिक माहिती कुलूपबंद करता येते आणि लागेल तेव्हा थोड्या वेळापुरती उघडता येते. हे वर्गात शिकवायचं तर कुलूप लावणं आणि काढणं दोन्ही शिकवावं, नाहीतर महिन्याच्या पेन्शनच्या दिवशी माणूस बँकेतून रिकाम्या हाताने परतेल.

गैरसमज : चुकून बोट लागलं की पैसे जातात.

या भीतीने कित्येक जण फोनला हातच लावत नाहीत. मग कुणी काय शिकवणार? म्हणून हे नीट सांगायला हवं. चुकीचं चिन्ह दाबलं, नको ते पान उघडलं, भाषा बदलली, आवाज बंद झाला, यातल्या कशानेही पैसे जात नाहीत. मागे जायचं, किंवा फोन बंद करून सुरू करायचा. यूपीआय लाइटमधल्या छोट्या रकमा सोडल्या तर यूपीआयमध्ये एरवी पिन टाकल्याशिवाय खात्यातून रुपया निघत नाही, आणि पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. ‘तुमच्या खात्यात पैसे टाकतो, पिन टाका’ असं जो म्हणतो तो पैसे नेणारा आहे. एवढं एकच वाक्य वर्गातल्या प्रत्येकाने घरी नेलं तरी वर्ग सार्थकी लागला असं मी म्हणेन.

खरा धोका दुसरीकडे आहे. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून, शेतकरी योजनेची यादी म्हणून किंवा गाडीचं चलन म्हणून एक फाइल येते आणि तिच्या नावाच्या शेवटी एपीके ही अक्षरं असतात. ती पत्रिका किंवा यादी नसते, ते ॲप असतं. बसवून घेतलं की ते आलेले ओटीपी परस्पर वाचतं. चैत्र-वैशाखात लग्नसराई असताना पत्रिका उघडू नका, असं म्हाताऱ्या माणसांना सांगून ते ऐकणार नाहीत, ऐकावं तरी का? फाइलच्या नावाची शेवटची तीन अक्षरं कशी पाहायची हे दाखवावं.

गैरसमज : अडाणी माणूस फसतो, शिकलेला फसत नाही.

केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ या एका वर्षात सायबर फसवणुकीत भारतीयांचे २२,८४५ कोटी रुपये गेले. आदल्या वर्षी हा आकडा ७,४६५ कोटी होता. यातला मोठा पैसा अशा लोकांचा गेला ज्यांच्याकडे तो होता : निवृत्त अधिकारी, डॉक्टर, प्राध्यापक, बँकेतून सेवानिवृत्त झालेले. ‘डिजिटल अटक’ नावाचा सापळा तर कायद्याला मानणाऱ्या माणसासाठीच रचलेला आहे.

तो कसा चालतो हे समजून घेतलं की भीती निम्मी होते. फोन येतो की तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, किंवा तुमच्या आधारवर काळ्या पैशाचं खातं उघडलं आहे. मग व्हिडिओ कॉल, समोर गणवेशातला माणूस, मागे पोलीस ठाण्याची भिंत. सांगितलं जातं की तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, कॉल बंद करायचा नाही, खोलीबाहेर जायचं नाही, घरातल्या कुणालाही सांगायचं नाही. शेवटी ‘तपासणीसाठी’ सगळे पैसे एका खात्यात पाठवायला लावतात. भारतीय कायद्यात डिजिटल अटक नावाची गोष्टच नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये याच विषयावर लोकांना सावध केलं. वर्षभराने, ऑक्टोबर २०२५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने या प्रकारांची स्वतःहून दखल घेतली.

या सगळ्या बनावात एक अट बदलत नाही : कुणाला सांगायचं नाही. भामट्याचा धंदा माणसाच्या एकटेपणावर उभा आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, बायको गेलेली, मुलं पुण्यात, अशा घरात तो फोन आला तर चौकशी करायला दुसरा आवाजच नसतो. रोज सकाळी वाचनालयात पेपर वाचायला जाणाऱ्या माणसाला मात्र दुसऱ्या दिवशी चार जण विचारतात, ‘काल काहून नाई आले?’ त्या चार जणांपैकी एकाने जरी हा सापळा वर्गात ऐकलेला असेल, तरी आयुष्यभराची कमाई वाचू शकते. ज्येष्ठांना हे कौशल्य यूट्यूबवरच्या व्हिडिओतून देण्यापेक्षा वाचनालयात द्यावं असं मी म्हणतो, त्याचं मुख्य कारण हे आहे.

पैसे गेलेच, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर ताबडतोब फोन करायचा. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळवले जाण्याआधी गोठवता येतात, म्हणून पहिला तास फार मोलाचा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार खातेदाराच्या चुकीने पैसे गेले तरी बँकेला कळवल्यानंतर होणारं पुढचं नुकसान बँकेचं असतं. लाजेने दोन दिवस गप्प बसणं हे फसवणुकीहून महाग पडतं. १९३० हा आकडा वाचनालयाच्या दारावर, तारखेच्या फळ्याच्या शेजारी, लांबून दिसेल इतका मोठा रंगवून घ्यावा.

गैरसमज : म्हाताऱ्यांना कितीही सांगा, ते आलेलं सगळं पुढे पाठवणारच.

या गैरसमजात थोडं खरं आहे. अमेरिकेतल्या २०१६ च्या निवडणुकीच्या काळातल्या फेसबुक वापराचा एक अभ्यास २०१९ मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या नियतकालिकात आला. पासष्टीवरच्या लोकांनी खोट्या बातम्यांच्या संकेतस्थळांवरचे लेख तरुणांच्या जवळपास सातपट पुढे पाठवले होते. हा आकडा जगभर गाजला. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मात्र फारसा कुणी सांगत नाही : पासष्टीवरच्यांपैकी असं एखादं तरी पाठवणारे ११ टक्केच होते. दहांतल्या जवळपास नऊ वृद्धांनी काहीच पाठवलं नव्हतं.

आणि शिकवल्याने फरक पडतो का? पडतो. अमेरिकेतच ज्येष्ठांसाठी घेतलेल्या एका माध्यम साक्षरता वर्गाचा अभ्यास २०२२ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये छापून आला. वर्गाआधी खरी-खोटी बातमी ओळखण्यात ही मंडळी ६४ टक्के वेळा बरोबर ठरत होती, वर्गानंतर ८५ टक्के वेळा. शिकायला ती स्वतःहून आली होती, हे लक्षात ठेवलं तरी फरक मोठा आहे.

दोष केवळ वयाच्या माथी मारणंही बरोबर नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, ही अफवा व्हॉट्सॲपवरून गावोगाव पोचली होती. भिक्षा मागत फिरणारी ती माणसं होती. आपल्याही गावांतून असे भिक्षेकरी, बहुरूपी, गोसावी वर्षानुवर्षं येतात. जुन्या माणसांना ते ओळखीचे असतात, कोणत्या महिन्यात कोण येतं हे आजींना ठाऊक असतं. अशा वेळी अफवा थांबवायची ताकद तरुणांपेक्षा त्यांच्याकडेच जास्त आहे. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच जणांना पाठवण्याची मर्यादा घातली, आणि पुढे फार फिरलेल्या संदेशावर दोन बाणांची खूण येऊ लागली. ती खूण डोळ्यांनी ओळखायला शिकणं हा पहिला धडा.

माध्यम शिकवायला आपल्या जिल्ह्यात बाहेरचा दाखला शोधायची गरज नाही. कारंजा लाडच्या जैन मंदिरांच्या भांडारांत शेकडो वर्षांची हस्तलिखितं जपलेली आहेत. रायबहादूर हिरालाल यांनी १९२६ मध्ये मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या हस्तलिखितांची सूची छापली, त्यात कारंजाची भांडारं जगाला कळली. मग १९३१ पासून कारंजा जैन ग्रंथमालेत प. ल. वैद्य आणि हिरालाल जैन यांनी अपभ्रंश भाषेतले ग्रंथ संपादित करून आणले. हे संपादक एका पोथीवर विश्वास ठेवून मजकूर छापत नसत. दुसरी प्रत शोधायची, ओळ ओळीशी ताडून पाहायची, फरक टिपून ठेवायचा. आणि पोथीच्या शेवटची पुष्पिका वाचायची, कारण नकल करणाऱ्याने बहुधा तिथे लिहून ठेवलेलं असे की ही प्रत कुणी, कधी, कुठे, कुणासाठी उतरवली.

फॉरवर्ड होऊन आलेल्या संदेशाला पुष्पिका नसते. लिहिणारा कोण, दिनांक कोणता, गाव कोणतं, काहीच नाही, आणि वर ‘सर्वांना पाठवा’. हे प्रश्न विचारायला इंग्रजी लागत नाही. कुणी लिहिलं? केव्हाचं आहे? दुसरीकडे कुठे आलं आहे का? वाचनालयात यासाठी साधन टेबलावरच असतं. व्हॉट्सॲपवर आलेली बातमी त्या दिवशीच्या तीन-चार वर्तमानपत्रांत शोधायची. पन्नास वर्षं पेपर वाचलेल्या माणसाला बातमीची रचना कळते, वार्ताहराचं गाव कुठे असतं, अधिकाऱ्याचं म्हणणं कुठे येतं, हे कळतं. ते ज्ञान मोबाइलकडे वळवायचं, एवढंच शिक्षकाचं काम.

चित्र आणि आवाज मात्र नवी गोष्ट आहे. ‘मी स्वतः पाहिलं’ हा आजवर सगळ्यात पक्का पुरावा होता, आता तो तसा राहिला नाही. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर एका गेमिंग ॲपची शिफारस करतो आहे, असा व्हिडिओ फिरला. चेहरा त्याचा, आवाजही त्याचा वाटावा असा. तो बनावट असल्याचं सचिनला स्वतःला जाहीर सांगावं लागलं. हा व्हिडिओ वर्गात जरूर दाखवावा. ओळखीचा चेहरा पैसे गुंतवायला सांगतो आहे, औषध विकतो आहे, तिथे चेहऱ्यावर नव्हे तर मागणीवर लक्ष द्यायचं.

गैरसमज : वाचनालय म्हणजे पेपर वाचणाऱ्या पुरुषांची जागा.

हा गैरसमज नाही. बहुतेक गावांत हे खरं आहे, आणि ते बदलल्याशिवाय या वर्गांचा उपयोग निम्म्या गावाला होणार नाही. सकाळच्या वेळी बाई घराबाहेर पडत नाही, आणि पडली तरी पुरुषांनी भरलेल्या बाकावर बसत नाही. बचत गटाच्या बैठकीला जोडून, दुपारी तीन ते पाच, बायकांचा वेगळा वर्ग हवा. मानोरा तालुक्यातल्या बंजारा तांड्यांवर त्यांचीच गोरमाटी बोली बोलणारी मुलगी शिकवायला असेल तर तिथल्या याडी-नानी, म्हणजे आया-आज्या, मोकळेपणाने प्रश्न विचारतील. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांनाही मागे ठेवायचं कारण नाही. फोनवर माइकचं चिन्ह दाबून मराठीत बोललं की अक्षरं उमटतात, आणि मुलाला आवाजी निरोप पाठवायला तर अक्षरही लागत नाही.

गैरसमज : आमच्याकडे ना कम्प्युटर, ना माणूस, ना पैसा.

कम्प्युटर लागत नाही. प्रत्येकाने आपलाच फोन आणावा, कारण घरी गेल्यावर तोच वापरायचा आहे. माणसं आहेत. १९५९ साली साताऱ्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, तेव्हा गावातल्या शिकलेल्यांनी न शिकलेल्यांना शिकवायचं, एवढंच तिचं भांडवल होतं. त्या मोहिमेची दखल पुढे युनेस्कोने घेतली. आजही महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं आहेत. केंद्राच्या उल्लास नवभारत साक्षरता कार्यक्रमाचं वय १५ च्या पुढे, वरची मर्यादा नाही, त्यात डिजिटल साक्षरताही येते आणि तो स्वयंसेवकांवरच चालतो. साठीचं दार बंद करणारी योजना गेली आणि हे दार उघडं आहे. वाचनालयांनी त्यातून आत शिरावं.

पैशाचं म्हणणं मात्र मी हलकं घेणार नाही. २०२२ च्या अखेरीस परिरक्षण अनुदान ६० टक्क्यांनी वाढलं, तरी लहान गावच्या ग्रंथपालाच्या हाती पडणारी रक्कम आजही मजुरीपेक्षा कमी भरते. त्याच अनुदानातून पुस्तकं, पेपर, वीजबिल भागवायचं असतं. त्याच्या माथी हे काम फुकट टाकणं हा अन्याय होईल. शिकवावं स्वयंसेवकांनी. ग्रंथपालाने जागा, वेळ आणि हजेरीची वही सांभाळावी, आणि त्याबद्दलचं मानधन मंडळाने ठराव करून द्यावं, मग ते ग्रामपंचायतीच्या निधीतून असो की गावातल्या दात्यांकडून.

वेळापत्रक जिल्ह्याच्या हंगामाप्रमाणे लावावं. पेन्शनरांचा वर्ग ऑक्टोबरमध्ये, कारण नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो, आणि केंद्राच्या ऐंशी वर्षांवरच्या पेन्शनरांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. त्या महिन्यात शेतकऱ्यांना बोलावू नये, सोयाबीन काढणीत कुणी येणार नाही. त्यांचा वर्ग तूर घरात आल्यावर, माघात घ्यावा, आणि ई-पीक पाहणीची उजळणी पेरणीनंतर श्रावणात, पिकं फुटभर उभी असताना.